पोटात अचानक होणारा रक्तस्राव : ओळख, निदान आणि उपचार

बोट कापले, गुडघा फुटला किंवा नाकातून रक्त आले, की घरातले लहान मूलसुद्धा हळद नाही तर ओले फडके आणायला धावते. रक्त डोळ्यांना दिसते, म्हणून आपण जागे होतो. परंतु शरीराच्या आत, विशेषतः पोटात, रक्त वाहू लागले तर बाहेर एक थेंबही येत नाही. माणूस "पोटात दुखतंय" एवढेच म्हणतो आणि आपण त्याला ओवा खायला देतो. कसलाही मार लागलेला नसताना, अपघात झालेला नसताना पोटात रक्त साचते हेच पुष्कळांना ठाऊक नाही. सभासद बंधू-भगिनींना आणि विद्यार्थी मित्रांना याची माहिती व्हावी, हा या लेखाचा हेतू आहे.

आम्ही डॉक्टर नाही. कला शाखेचे पदवीधर, बँकेत खतावणी सांभाळणारे साधे कारकून आहोत. या विषयाकडे आम्ही वळलो ते आवड म्हणून नव्हे, तर आमच्याच घरात घडलेल्या एका प्रसंगामुळे. म्हणून आधी तो प्रसंग सांगतो.

घडलेली हकीकत

२०११ सालची गोष्ट. आमच्या धाकट्या चुलतभावाची पत्नी, वय सत्तावीस, दोन मुले, कुटुंब नियोजनाचे ऑपरेशन होऊन दोन वर्षे झालेली. सकाळी पाणी भरताना तिच्या ओटीपोटात एकदम कळ आली आणि ती मोरीतच भोवळ येऊन बसली. आम्ही त्या दिवशी सुट्टीनिमित्त गावीच होतो. "गॅस असेल, रात्री वांगं खाल्लं होतं," असे पहिल्यांदा आम्हीच म्हणालो. काकूंनी बेंबी सरकली म्हणून पोट चोळले. जवळच्या एका दवाखान्यात नेले, तिथेही गॅसचे इंजेक्शन देऊन घरी पाठवले. दुपारी कळ कमी झाली. सगळ्यांना हायसे वाटले. तिने अर्धी भाकरीही खाल्ली. "खांदा का दुखतोय कोणास ठाऊक," असे ती म्हणाली, तेव्हा कळशी उचलल्याने दुखत असेल असे आम्ही समजलो.

संध्याकाळी ती उठायला गेली आणि खाली कोसळली. अंगाला दरदरून घाम, हातपाय थंडगार, ओठ पांढरे. शेजाऱ्यांच्या जीपमधून तालुक्याच्या गावी नेले. तिथल्या डॉक्टरबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "पाळी कधी आली होती?" ती आमच्याकडे पाहून गप्प राहिली. उत्तर काकूंनी दिले, "ऑपरेशन झालंय हो तिचं, तसलं काही नाही." डॉक्टरबाईंनी आम्हां पुरुषांना बाहेर काढले आणि तरीही लघवीची तपासणी केली. गर्भ होता, पण तो गर्भाशयात नव्हता, नळीत होता आणि नळी फुटली होती. ऑपरेशनमध्ये पोटातून सव्वा ते दीड लिटर रक्त निघाले. रक्ताच्या दोन पिशव्या मिळाल्या, आणखी दोन हव्या होत्या. गावातल्या तरुण पोरांनी रात्री येऊन रक्त दिले, म्हणून आज ती आपल्या मुलांत आहे.

पाळी पंधरा दिवस चुकली होती, हे तिला सकाळपासून माहीत होते. जेठासमोर बोलायचे कसे, म्हणून ती बोलली नाही. ही आठवण आम्हांला आजही टोचते. त्यानंतर मिळेल ते वाचले, ओळखीच्या डॉक्टरांना विचारले. त्याचे सार पुढे देत आहोत.

पोटाची पोकळी आणि रक्ताचा हिशेब

आपल्या पोटात जठर, आतडी, यकृत, पानथरी वगैरे अवयव एका पातळ, ओलसर आवरणात असतात. त्या आवरणाच्या दोन पदरांमध्ये एरवी जवळजवळ मोकळी जागा नसते. पण पोटाची भिंत ताणली जाऊ शकते, त्यामुळे तिथे दोन-तीन लिटर रक्त सहज मावते. पोट फुगलेले दिसेपर्यंत बरेच रक्त गेलेले असते. याखेरीज आतड्यांच्या मागे, पाठीच्या कण्याच्या बाजूलाही एक जागा आहे. तिथे रक्त साचले तर पोटापेक्षा पाठ आणि कूस जास्त दुखते.

माणसाच्या शरीरात वजनाच्या दर किलोमागे सुमारे ७० मिलिलिटर रक्त असते. म्हणजे पन्नास किलो वजनाच्या बाईच्या अंगात साडेतीन लिटर. यातले १५ टक्के, म्हणजे अर्धा लिटर गेले तरी बाहेरून फारसे कळत नाही. १५ ते ३० टक्के गेले की नाडी जलद होते, तहान लागते, जीव घाबरा होतो. परंतु बी.पी. अजून जवळजवळ ठीक दिसते. ३० टक्क्यांच्या पुढे बी.पी. घसरू लागते, रुग्ण गोंधळल्यासारखे बोलतो आणि लघवी कमी होते. ४० टक्क्यांच्या पुढे प्राणावर बेतते.

बी.पी. इतका वेळ टिकते कसे? आमच्या व्यवसायातले उदाहरण द्यायचे तर, शरीर कातडी, हातपाय, आतडी, मूत्रपिंडे यांच्या खात्यांतून रक्कम काढून हृदय आणि मेंदूच्या खात्यात भरते. म्हणून हातपाय थंड पडतात आणि चेहरा पांढरा होतो. मुख्य खात्यात शिल्लक दिसत असते, पण ती उसनवारीची असते. तरुण माणसात ही उसनवारी बराच वेळ चालते आणि मग एकाएकी संपते. "आत्ता तर बी.पी. चांगलं होतं," असे नातेवाईक रडत सांगतात, त्याचे कारण हे आहे.

हिमोग्लोबिनचेही तसेच. सरबताचा अर्धा पेला सांडला तरी उरलेल्या सरबताची गोडी तीच राहते. त्याचप्रमाणे रक्त नुकतेच वाहू लागले असेल तर उरलेल्या रक्तातील हिमोग्लोबिनचा आकडा पहिल्यासारखाच येतो. शरीरातील पाणी रक्तात उतरले किंवा सलाईन दिले म्हणजे तो खाली येतो. तेव्हा पहिल्या रिपोर्टवर विसंबून राहू नये.

रक्त का वाहते?

मार लागलेला नसतानाही पोटात रक्तस्राव होण्याची मुख्य कारणे अशी आहेत.

१) नळीतला गर्भ फुटणे. पाळी येण्याच्या वयातील स्त्रियांमध्ये ही शंका सर्वांत आधी घ्यायची. साधारण शंभर गर्भधारणांपैकी एक-दोन गर्भाशयाबाहेर राहतात आणि त्यांतल्या बहुतेक गर्भनलिकेत असतात. नळी अरुंद असल्याने सहा-आठ आठवड्यांच्या सुमारास ती फुटू शकते. पूर्वी असा गर्भ राहिलेल्या, ओटीपोटात जंतुसंसर्ग होऊन गेलेल्या किंवा नळीवर शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांना धोका अधिक. कुटुंब नियोजनाचे ऑपरेशन क्वचित अपयशी ठरते. पण ते अपयशी ठरून गर्भ राहिलाच, तर तो नळीत असण्याचा संभव मोठा असतो. तांबी बसवलेली असताना राहिलेल्या गर्भाचेही तसेच. काही वेळा थोडे रक्त अंगावर जाते आणि पाळी आली असा समज होतो. आणखी एक धोक्याची गोष्ट म्हणजे तपासणी न करता मेडिकलमधून आणलेल्या गर्भपाताच्या गोळ्या. नळीतला गर्भ त्या गोळ्यांनी जात नाही. अंगावर मात्र रक्त जाते, म्हणून बाई निश्चिंत राहते आणि आठवड्याने नळी फुटते.

२) बीजकोशावरील गाठ फुटणे. दर महिन्याला बीज बाहेर पडल्यावर बीजकोशात एक लहानशी गाठ तयार होते. ती कधी कधी फुटून रक्तस्राव होतो. तो बहुधा आपोआप थांबतो. परंतु रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा रक्त न गोठण्याचा आजार असेल, तर पुष्कळ रक्त जाते.

३) पानथरी फुटणे. मलेरियात पानथरी सुजते. डेंग्यू, काही विषाणूंचे ताप आणि रक्ताचे कर्करोग यांतही ती नाजूक होते. ढेकर, शिंक, कूस बदलणे इतक्या क्षुल्लक कारणानेही ती फुटल्याची उदाहरणे आहेत. म्हणून तापात पोट चोळू नये. विदर्भात ज्या घरांत सिकलसेलचा आजार आहे त्यांनी जवळची एक गोष्ट लक्षात ठेवावी. अशा मुलाची पानथरी न फुटताही एकाएकी अंगातले रक्त स्वतःत साठवून घेते. डाव्या बरगडीखाली पोट मोठे लागते आणि मूल पांढरे पडते. त्यालाही तितक्याच तातडीने रक्त द्यावे लागते.

४) यकृतावरील गाठ फुटणे. हिपॅटायटिस बी किंवा दारूने यकृत खराब झालेल्या माणसाला पुढे यकृताचा कर्करोग होऊ शकतो आणि ती गाठ पोटात फुटू शकते.

५) रक्तवाहिनीला आलेला फुगा फुटणे. सायकलच्या जुन्या ट्यूबला जसा फुगवटा येतो, तसा रोहिणीच्या कमकुवत भागाला येतो. डॉक्टर त्याला अ‍ॅन्युरिझम म्हणतात. पोटातील अवयवांच्या रोहिण्यांपैकी पानथरीच्या रोहिणीला तो सर्वांत जास्त आढळतो आणि गरोदरपणात तो फुटला तर आई व मूल दोघांनाही फार मोठा धोका असतो. पोटातील महारोहिणीचा फुगा हा मुख्यतः पासष्टीपुढच्या, धूम्रपान केलेल्या पुरुषांचा आजार आहे. विद्यार्थ्यांना परिचित नाव सांगायचे तर थोर शास्त्रज्ञ अल्बर्ट आइन्स्टाइन यांना हाच विकार होता. १९४८ साली न्यूयॉर्कमध्ये डॉ. रुडॉल्फ निसेन यांनी पोट उघडून त्यांच्या महारोहिणीभोवती सेलोफेनचा कागद गुंडाळला. त्या काळी त्याहून चांगला उपाय उपलब्ध नव्हता. पुढे सहा वर्षांहून अधिक काळ ते जगले. एप्रिल १९५५ मध्ये फुगा फुटला, तेव्हा त्यांनी शस्त्रक्रियेस नकार दिला आणि १८ एप्रिलला प्रिन्स्टन येथे त्यांचे निधन झाले.

६) रक्त पातळ करणारी औषधे. हृदयाची झडप बदललेले, पायाच्या शिरेत गुठळी झालेले, अनियमित ठोके असलेले रुग्ण वॉर्फरिन, असेनोकुमारॉल यांसारख्या गोळ्या घेतात. मात्रा जास्त झाली, तपासणी चुकली किंवा दुसरे औषध सोबत घेतले, तर साध्या खोकल्यानेही पोटाच्या भिंतीत किंवा पोटात रक्तस्राव होऊ शकतो.

कारण न सापडणारा रक्तस्राव

यांपैकी काहीच नसताना पोटात रक्त वाहते, असेही क्वचित घडते. १९०९ साली बार्बर या डॉक्टरांनी एका बाळंतवेणांतील स्त्रीच्या पोटात असा रक्तस्राव झाल्याचे नोंदवले. १९३१ साली ग्रीन व पॉवर्स यांनी त्याला पोटाची अ‍ॅपोप्लेक्सी असे नाव दिले. मेंदूत रक्तस्राव होऊन येणाऱ्या झटक्याला त्या काळी अ‍ॅपोप्लेक्सी म्हणत. तसाच हा पोटाला आलेला झटका, असा त्याचा अर्थ. हा प्रकार पन्नाशीपुढच्या माणसांत जास्त दिसतो आणि यांतल्या अनेकांना रक्तदाबाचा विकार असतो. आतड्यांना किंवा जठराला रक्त पुरवणारी एखादी लहान रोहिणी फुटलेली असते. कधी कधी ऑपरेशनच्या वेळी बी.पी. इतके घसरलेले असते की फुटलेली जागा रक्त टाकायची थांबते आणि सर्जनला ती दिसतच नाही.

"कारण अज्ञात" हा शब्द मात्र कायमचा नाही. रोहिणीच्या भिंतीचा मधला थर जागोजागी विरघळून ती फुटते, असा एक आजार १९७६ साली वर्णिला गेला. पूर्वी अज्ञात म्हणून नोंदल्या गेलेल्या काही रुग्णांत हाच आजार असावा, असे आता मानले जाते. स्कॅनची साधने सुधारली तशी अज्ञात रुग्णांची संख्या कमी होत आली आहे.

लक्षणे कशी ओळखावीत?

दुखणे एकाएकी सुरू होते. पुष्कळदा रुग्ण वेळ सांगू शकतो, "नळाला पाणी आलं तेव्हा." त्याबरोबर भोवळ येते, विशेषतः उठून उभे राहताना. घाम, तहान, धडधड, पांढरे ओठ ही रक्त कमी झाल्याची चिन्हे. खांद्याचे टोक दुखणे हे एक विलक्षण पण महत्त्वाचे लक्षण आहे. पोटातले रक्त छाती-पोटामधल्या पडद्याला लागते. त्या पडद्याची नस मानेतून येते आणि मानेतल्या त्याच भागातून खांद्याची संवेदनाही जाते. म्हणून बिघाड पोटात आणि दुखणे खांद्यात. आडवे झाल्यावर ते वाढते. बेंबीभोवती किंवा कुशीवर निळसर डाग उमटणे हे उशिरा दिसणारे चिन्ह आहे. त्याची वाट पाहू नये.

सर्वांत फसवी अवस्था मधली. पहिली कळ ओसरते, काही तास, कधी दिवसही बरे जातात आणि मग रुग्ण एकदम कोसळतो. रक्ताच्या गुठळीने भोक तात्पुरते बुजलेले असते किंवा रक्त एखाद्या कप्प्यात अडकून राहिलेले असते. गुठळी सुटली की पुन्हा धार लागते. आमच्या घरी दुपारी जी भाकरी खाल्ली गेली ती या अवस्थेत. दुखणे थांबले याचा अर्थ आजार थांबला असा होत नाही.

निदान कसे करतात?

डॉक्टर प्रथम विचारपूस करतात. पाळी कधी आली, ताप होता का, कोणत्या गोळ्या चालू आहेत, पूर्वी कोणते ऑपरेशन झाले. नाडी आणि बी.पी. एकत्र पाहतात. नाडीच्या आकड्याला वरच्या बी.पी.ने भागले तर निरोगी माणसात उत्तर ०.५ ते ०.७ येते. ते १ च्या जवळ गेले, उदाहरणार्थ नाडी ११० आणि बी.पी. १००, तर काळजीचे कारण असते. मात्र पोटात रक्त साचलेल्या काही रुग्णांत नाडी वाढतच नाही, एवढे ध्यानात ठेवावे.

पाळी येण्याच्या वयातील प्रत्येक स्त्रीची, लग्न झालेले असो वा नसो, ऑपरेशन झालेले असो वा नसो, लघवीची गर्भतपासणी करतात. ती स्वस्त आहे आणि पाच मिनिटांत होते. यात तिच्या चारित्र्याचा प्रश्न नसून प्राणाचा आहे, हे घरच्या वडीलधाऱ्यांनी समजून घ्यावे. त्याच वेळी रक्तगट, जुळवणी आणि रक्त गोठण्याच्या तपासण्यांसाठी नमुना जातो.

नंतर सोनोग्राफी. खाटेवरच, दोन-चार मिनिटांत, यकृत व उजव्या मूत्रपिंडाच्या मधली फट, पानथरीची बाजू आणि ओटीपोट या जागी रक्त साचले आहे का ते दिसते. थोडे रक्त असेल तर ते निसटू शकते, म्हणून गरज वाटल्यास ती पुन्हा करतात. रक्त आहे एवढे सोनोग्राफी चांगले सांगते. ते कुठून येते हे ती दर वेळी सांगू शकत नाही. जिथे सोनोग्राफी नाही तिथे पोटात सुई घालून पाहतात. बाहेर आलेले रक्त गोठले नाही तर ते पोटात साचलेले आहे, असे समजतात, कारण पोटात साचताना त्यातील गोठणारे द्रव्य आधीच संपलेले असते. ते लगेच गोठले तर सुई बहुधा रक्तवाहिनीत गेलेली असते.

रुग्ण स्थिर असेल तर शिरेतून औषध सोडून सी.टी. स्कॅन करतात. वाहणारी जागा त्यात औषध गळताना दिसते. गळती दिसली नाही तरी एक खूण असते. फुटलेल्या जागेजवळचे रक्त आधी गोठते आणि गोठलेले रक्त स्कॅनवर जास्त उजळ दिसते. म्हणून सर्वांत उजळ गुठळी जिथे, तिथेच बिघाड शोधायचा. डॉक्टर तिला पहारेकरी गुठळी म्हणतात. रुग्णाचे बी.पी. टिकत नसेल तर मात्र स्कॅनच्या खोलीत वेळ न घालवता थेट ऑपरेशन थिएटर गाठावे लागते. निदान आणि उपचार तेव्हा एकाच टेबलावर होतात.

उपचार

उपचाराची दोन अंगे आहेत. गेलेले भरून काढणे आणि गळती बंद करणे. यांतले एकच केले तर उपयोग नाही.

दोन्ही हातांना जाड सुया लावून सलाईन सुरू करतात, ऑक्सिजन देतात. परंतु बाटल्यांवर बाटल्या सलाईन चढवणे योग्य नाही. त्याने रक्त पातळ व थंड होते, गोठत नाही आणि वाढलेल्या दाबाने गुठळी सुटते. म्हणून गळती बंद होईपर्यंत बी.पी. जेमतेम पुरेसे ठेवतात आणि लवकरात लवकर रक्तच देतात. पुष्कळ रक्त गेले असेल तर लाल पेशींबरोबर प्लाझ्मा व प्लेटलेटही द्याव्या लागतात. रुग्णाला गरम ठेवतात, कारण थंड पडलेल्या शरीरात रक्त गोठत नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा परिणाम उतरवण्यासाठी व्हिटॅमिन के आणि रक्त गोठवणारे घटक देतात.

गळती बंद करण्याचे मार्ग कारणावर अवलंबून असतात. फुटलेली गर्भनलिका काढून टाकतात. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे लॉसन टेट या सर्जनने १८८३ साली या शस्त्रक्रियेने प्रथम रुग्ण वाचवला. त्याआधीची त्याची पहिली रुग्ण दगावली होती. तोपर्यंत बायकांना वाट पाहत मरू दिले जाई. आज रुग्ण स्थिर असेल तर हे काम दुर्बिणीने होते आणि गर्भ न फुटता लवकर सापडला तर काहींना केवळ इंजेक्शन पुरते. पानथरीचा रक्तस्राव थांबत नसेल तर ती काढतात. यकृताची गाठ किंवा रोहिणीचा फुगा असेल, तर जांघेतून बारीक नळी थेट त्या रोहिणीपर्यंत नेऊन धातूच्या तारेचे वेटोळे किंवा चिकट द्रव्य सोडून ती बुजवतात. याला पोट उघडावे लागत नाही. परंतु ही सोय मोठ्या शहरांतील रुग्णालयांतच मिळते.

कारण माहीत नसताना पोट उघडायचे असेल तर सर्जन आधी रक्त हाताशी ठेवतो, कारण पोट उघडताच आतला दाब सुटून बी.पी. कोसळू शकते. पोटाच्या चारी कोपऱ्यांत मोठी फडकी दाबून बसवतात, साचलेले रक्त ओढून काढतात आणि एकेक फडके हळूहळू काढून गळती शोधतात. सापडली तर बांधतात. नाहीच सापडली तर फडकी तशीच ठेवून पोट तात्पुरते झाकतात आणि एक-दोन दिवसांत पुन्हा पाहतात. रक्ताची फार टंचाई असेल तिथे नळी फुटलेल्या बाईच्या पोटातलेच ताजे रक्त गाळून तिला परत देण्याची पद्धतही आहे.

यानंतरही काही पथ्ये आहेत. पानथरी काढलेल्यांनी न्यूमोनिया व मेंदूज्वराच्या लसी घ्याव्यात आणि ताप अंगावर काढू नये. आर.एच. निगेटिव्ह स्त्रीला अँटी-डी इंजेक्शनबद्दल विचारावे. नळीतला गर्भ एकदा राहिलेल्या स्त्रीने पुढच्या वेळी पाळी चुकताच सोनोग्राफी करावी. कारण न सापडलेल्यांनी रक्तदाब ताब्यात ठेवून सांगितलेल्या वेळी पुन्हा स्कॅन करावे.

घरच्यांनी काय करावे?

१) एकाएकी पोटात कळ आणि त्याबरोबर भोवळ, असे दिसताच दवाखाना गाठावा. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे.
२) रुग्णाला आडवे झोपवावे, पांघरूण घालावे. चालवत नेऊ नये.
३) खायला-प्यायला काही देऊ नये, ऑपरेशन लागू शकते. पोट चोळू नये, जुलाबाचे किंवा ॲस्पिरिनसारखे औषध देऊ नये.
४) चालू गोळ्यांची पाकिटे व जुने कागद सोबत घ्यावेत. कळ सुरू झाल्याची वेळ लिहून ठेवावी.
५) बाईला एकटीला डॉक्टरांशी बोलू द्यावे.
६) रक्त देऊ शकतील अशी दोन-तीन माणसे सोबत न्यावीत.

रक्ताची तरतूद

शेवटची गोष्ट संस्थेच्या दृष्टीने महत्त्वाची. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देण्यावर देशात बंदी आहे. म्हणजे रक्तपेढीतली प्रत्येक पिशवी कोणीतरी मनाने दिलेली असते. नुसता गट सारखा असून भागत नाही, जुळवणी करावीच लागते. १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे व सहकाऱ्यांनी जो दुर्मिळ गट शोधून काढला, तो बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणून जगभर ओळखला जातो. साध्या तपासणीत तो ओ गटासारखा दिसतो, पण अशा माणसाला ओ गटाचे रक्त चालत नाही, त्याच दुर्मिळ गटाचे लागते.

आपण वर्षातून एकदा मोठे शिबिर घेतो, ते चांगलेच आहे. परंतु लाल पेशी पाच-सहा आठवडे टिकतात आणि प्लेटलेट पाचच दिवस. एप्रिलच्या शिबिरातले रक्त पावसाळ्यात उपयोगी पडत नाही. म्हणून आमची सूचना अशी की, संस्थेच्या कार्यालयात रक्तदात्यांची एक वही असावी. तिच्यात नाव, गट, फोन आणि शेवटचे रक्तदान कधी केले ती तारीख. वय १८ ते ६५, वजन ४५ किलोंहून अधिक, हिमोग्लोबिन साडेबारा असलेला निरोगी पुरुष दर तीन महिन्यांनी आणि स्त्री दर चार महिन्यांनी रक्त देऊ शकते. नोंदी ठेवण्याचे काम आम्हांला येते, ते आम्ही आनंदाने करू. विद्यार्थी मित्रांनी अठरावे वर्ष लागताच आपला गट तपासून त्या वहीत नाव घालावे.

आणि घरातल्या सुनेने, मुलीने पोट धरले, तर ओव्याचा डबा उघडण्याआधी घरातील एखाद्या बाईने तिला बाजूला नेऊन हळूच विचारावे, "पाळी कधी आली होती गं?" आमच्या घरी तो प्रश्न सकाळी विचारायचा राहिला आणि संध्याकाळी डॉक्टरबाईंना विचारावा लागला. आपल्या घरी तसे होऊ नये.